गॅस, युनिट आणि पाच ग्रॅमचा कागद

वित्तकंपनीला ना धुराडं, ना भट्टी. त्यामुळे आयएसओ 14001 हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक म्हणजे चार कुंड्या आणि एक पोस्टर, अशी वरच्या मजल्याची ठाम समजूत असते. आकडे गोळा करणाऱ्याला विचारा!

शाखांना तक्ता पाठवावा: वीज, डिझेल, एसीचा गॅस, कागद. विजेच्या रकान्यात कुणी युनिट लिहितं, कुणी बिलाची रक्कम. एखादा महाभाग मेगावॉट-तासांच्या जागी किलोवॉट-तास भरून आपली शाखा हजारपट करतो आणि पोलाद कारखान्याच्या पंक्तीला नेऊन बसवतो. भाड्याच्या मजल्याची तर कमालच. मालक अख्ख्या इमारतीचं बिल चौरस फुटांवर वाटतो, म्हणजे दिवे आपण विझवायचे आणि बचत साऱ्या भाडेकरूंनी वाटून घ्यायची. मजल्याला स्वतःचा वेगळा मीटर (सब-मीटर) बसेपर्यंत ऊर्जाबचतीचं उद्दिष्ट निव्वळ शोभेचं.

पण माझा खरा राग एसीवाल्याच्या चिठ्ठीवर. तिच्यावर एवढंच असतं: ‘गॅस भरला, कूलिंग ओके.’ किती भरला? ‘लागला तेवढा.’ आता आर-410ए या गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 2088 पट धरतात. किलोभर गळला, तर हिशेबात जवळपास 780 लिटर डिझेल जाळल्यासारखं. जनरेटरचं डिझेल आम्ही लिटर-लिटर नोंदवतो आणि हा गॅस मात्र ‘ओके’ या दोन अक्षरांत विरून जातो. उपाय सोपा आहे. एसीत गॅस भरण्याआधी आणि भरल्यावर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा. जितकं वजन घटलं, तितका गॅस भरला. दुरुस्तीत जुना गॅस काढून घेतला असेल, तर तो यातून वजा करायचा; उरेल ती गळती.

ऑडिटर हे पकडतो आणि नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे मानक पाळलं नसल्याचा शेरा, देतो. मग मूळ कारणाच्या रकान्यात आमचं अजरामर वाङ्मय उमटतं: ‘मानवी चूक. संबंधितांना समज दिली.’ चिठ्ठीवर वजनाचा रकानाच नाही, हे कारण कुणाला सुचत नाही. कारण मग चिठ्ठी नव्याने छापावी लागेल, आणि आम्ही तर कागद वाचवतोय.

हो, कागद! आमच्या पर्यावरण समितीचं हे लाडकं लेकरू. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) एक ए-4 कागद भरतो पाच ग्रॅम. त्याच्यासाठी मोहीम, शपथ, प्रत्येक ईमेलखाली हिरवं पान.

इकडे ज्या कंपन्यांना आपण कर्ज देतो, त्यांचं उत्सर्जन स्कोप 3 च्या, म्हणजे आपल्या व्यवहारांशी जोडलेल्या पण इतरांकडे होणाऱ्या उत्सर्जनाच्या, पंधराव्या वर्गात (गुंतवणुकीत) मुकाट पडलेलं असतं. एखाद्या मोठ्या सिमेंट कारखान्याच्या कर्जापुढे सगळ्या शाखांची वीज किरकोळ ठरू शकते. हिशेबाची रीत ठरलेली आहे: आपलं येणं कर्ज भागिले कंपनीचं एकूण भांडवल आणि कर्ज, गुणिले तिचं उत्सर्जन. त्या कंपनीने उत्सर्जन मोजलंच नसेल, तर तिच्या उद्योगाची सरासरी लावायची. आयएसओचं मानकही नियंत्रणातल्या बाबींबरोबर ज्यांवर प्रभाव टाकता येतो त्या बाबी धरायला सांगतं. पण आमच्या नोंदवहीत कर्जांपुढे ‘प्रभाव मर्यादित’ असा शेरा असतो आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत, ‘अतिमहत्त्वाचे’ म्हणून, पेपर कप.