वाटी वेगळी, हवा एकच

“शंभर वर्षांपूर्वी क्षय हा घराण्याचा रोग होता, रक्तातून उतरायचा. शहाणी माणसं रोग्याची ताटवाटी वेगळी करायची आणि बाकीचं घर वाचायचं. आजही टीबीच्या पेशंटला घराबाहेरच ठेवावं.” असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

रक्ताचं आधी. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. तरी घराण्याची समजूत टिकली, कारण हा रोग सावकाश चालतो. जंतू आज शिरतो आणि माणूस कधी दोन, तर कधी वीस वर्षांनी खंगायला लागतो. बहुतेकांना तर आयुष्यभर काहीच होत नाही. आजी गेली, बऱ्याच वर्षांनी मधला काका गेला, की लोक म्हणत, त्यांच्या रक्तातच आहे. पण नवऱ्याची सेवा करता करता सून खोकायला लागे, तिचं रक्त कुठं त्या घरचं होतं? उलट तिलाच बोल लावून माहेरी धाडत. तिथं भाचरं तिच्याच अंथरुणात झोपत.

ताटवाटीचं वाचून तर जीव तुटतो. क्षय उष्ट्यातून पसरत नाही. रोगी खोकला की अतिसूक्ष्म तुषार उडतात, बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात आणि इतरांच्या श्वासातून आत जातात. गिरणगावातली चाळीतली खोली डोळ्यांपुढे आणा. चूल, मोरी, रात्री ओळीनं झोपलेली सहा-सात माणसं, आणि आजाऱ्याला वारा बाधेल म्हणून लावून घेतलेली खिडकी. कोपऱ्यात त्याची पितळी वाटी, राखेनं घासून वेगळी पालथी घातलेली. डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी हिंदुस्थानातल्या क्षयाची पाहणी १९२० साली प्रसिद्ध केली, तेव्हा पडद्यात कोंडलेल्या बायकांकडे त्यांनी मुद्दाम लक्ष वेधलं होतं.

राहिलं घराबाहेर ठेवणं. औषधं आल्यावर, १९५०च्या दशकात, मद्रासला १९३ रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या वेगळ्या रुग्णालयात ठेवून, दुसऱ्याला आपापल्या गर्दीच्या घरातच औषधं दिली. पुढं पाच वर्षं घरच्यांवर लक्ष ठेवलं, तर घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांत क्षय जास्त पसरला नव्हता. लागण व्हायची ती मुख्यतः निदानाच्या आधी, नुसता खोकला म्हणून काढे देत बसायचे त्या महिन्यांत. म्हणूनच आज एक पेशंट सापडला की घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावतात.