‘चार लेख चाळून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गोल्डफिशच्या मेंदूतल्या हार्मोन सोडणाऱ्या पेशींवर मी लिहिलं, त्याखाली ‘एक वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं: ग्रंथी ती ग्रंथी आणि चेतापेशी ती चेतापेशी, मी दोघींची खिचडी केली. या पेशींवरच्या मेंदूशास्त्रज्ञ एरिक कॅन्डेल यांच्या शोधनिबंधाचं साल चुकलं. मेडाका या छोट्या जपानी माशावरचे निष्कर्ष मी सरळ रोहू-कटल्याला लावले. आणि शेवटी, ‘चार लेख चाळून लिहिता येतं, समजत मात्र नाही.’

साल चुकलं, मान्य. १९६५ नव्हे, १९६४. दुरुस्त केलं, आभार.

पण ‘चाळून’? शंका विचारायला कुणाची ना नाही. स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याची समज काढायची, ही कुठली रीत? मी ११ वर्षं एका मत्स्यबीज केंद्रावर काढली आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर माशाच्या डोक्याची कवटी उघडायची, मेंदूखालची पिट्युटरी ही हार्मोन सोडणारी ग्रंथी चिमट्याने अलगद उचलायची, ॲब्सोल्यूट अल्कोहोलच्या कुपीत टाकायची. पुढे ती खलात घोटून तिचंच इंजेक्शन अंड्यावर आलेल्या मादीला. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात याच वाटेने भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं, त्यावर आमची पोटं भरली. ती ग्रंथी मेंदूपासून सुटताना किती जपावं लागतं, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. ते कुठे चाळून येत नाही.

आता ‘ग्रंथी ती ग्रंथी’. हे वाक्य नवं नाही. अर्न्स्ट शॅरर यांनी १९२८ मध्ये मिनो या छोट्या माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागात, ग्रंथीसारखा स्राव साठवणाऱ्या चेतापेशी दाखवल्या, तेव्हा त्यांनाही बरीच वर्षं हेच ऐकावं लागलं. सस्तन प्राण्यांत पिट्युटरीच्या पुढच्या भागाकडे मेंदूचे हार्मोन रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यातून जातात. रोहू, गोल्डफिश यांच्यासारख्या अस्थिमत्स्यांत चेतापेशींचे तंतू स्वतःच ग्रंथीत उतरतात. एकाच पेशीचं धड मेंदूत आणि टोक पिट्युटरीत. मग सीमारेषा कुठे आखणार तुम्ही? पेशीच्या मधोमध?

आणि विजेचं म्हणाल तर कॅन्डेल यांनी गोल्डफिशच्या याच पेशींत बारीक इलेक्ट्रोड घातला. स्वस्थ असताना पेशीच्या आतबाहेरच्या विजेतला फरक सुमारे ५० मिलिव्होल्ट. विजेचे स्पंद ११७ मिलिव्होल्टपर्यंत चढणारे. त्यांनी विजेचा धक्का पिट्युटरीच्या बाजूला दिला आणि स्पंद तंतूवरून उलटा चढत मेंदूतल्या पेशीच्या धडात पोचला. तंतू सावकाश वाहून नेतो, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास, पण नेतो. वासाच्या मज्जामार्गाला उत्तेजन दिलं तर ती पेशी जागी होते. म्हणजे ती इतरांचं ऐकते, स्वतः स्पंद सोडते आणि त्या स्पंदाच्या शेवटी हार्मोन सोडते. हे मी लेखात लिहिलं होतं. प्रतिक्रिया लिहिताना तेवढा परिच्छेद तुम्ही वाचला नसावा. दुसऱ्याला ‘चाळून’ म्हणण्याआधी तो वाचायला हवा होता.

मेडाकाच्या मुद्द्यात मला फारसा दम दिसत नाही. ज्याने लेख सरळ मनाने वाचला त्याला मला काय म्हणायचंय ते कळतं. त्यावर वेळ घालवत नाही.

उलट उत्तर देणार असाल तर जरूर द्या, या वेळी नाव लावून. त्यात फक्त एवढं सांगा: ग्रंथी आणि चेतापेशी या दोन वेगळ्या वस्तू असतील, तर पिट्युटरीला दिलेला धक्का मेंदूतल्या त्या पेशीत कसा उमटला?