दुष्काळात तेरावा रिचार्ज

पंचांगातला अधिक मास बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि जावयाला निदान ३३ अनारसे तरी देऊन जातो. मोबाईल कंपन्यांचा अधिक मास दरवर्षी येतो, आणि घेऊनच जातो. त्यांचा महिना २८ दिवसांचा. अशा १३ महिन्यांचे दिवस भरतात ३६४. उरलेला एक दिवस कुठल्या खात्यात मांडायचा, ते चित्रगुप्ताला विचारा. ८४ दिवसांचा प्लॅन घेऊन शहाणपणा करावा, तर चार वेळा ८४ म्हणजे ३३६. वर २८ चा एक मारला की पुन्हा ३६४!

२०२२ साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना बजावलं, की ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा, असे प्लॅनही ठेवा. ठेवलेत. ॲपमध्ये ते शोधायला मात्र चिकाटी लागते. वर झळकतात ते 'सर्वाधिक लोकप्रिय', म्हणजे कंपनीत लोकप्रिय. मी तर सरळ भागाकार करतो. समजा, २८ दिवसांचे २९९ रुपये, तर दिवसाला १० रुपये ६८ पैसे. या एका आकड्यापुढे फुकटच्या सिनेमा-ॲपचं आमिष गळून पडतं. पैसे भरताना 'प्लॅटफॉर्म फी'चा रुपया-दोन रुपये कुठे चिकटतोय, तेही बघावं.

रोजच्या दीड जीबीची गंमत वेगळीच. रात्री बाराला शिल्लक डेटा वाहून जातो. उलट दुपारीच संपला, तर वेग ६४ केबीपीएसवर येतो. नकाशा उघडेपर्यंत माणूस चालत पोचतो.

घरातल्या ज्येष्ठांच्या साध्या फोनला डेटा हवाच कशाला? ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आले, ३६५ दिवसांचेसुद्धा. यादीत पार खाली जा, सापडतील. बँकेच्या ओटीपीपुरतं जिवंत ठेवलेलं दुसरं सिमही त्यावर जगतं. ते रिचार्जविना सोडलं, तर आधी जाणारे कॉल बंद होतात, मग येणारे, आणि शेवटी ओटीपी. तोही नेमका गॅस बुक करताना.

फारच वैताग आला, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. त्यासाठी इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. आलेला कोड महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. त्या चार दिवसांत कंपनीचे इतके लाघवी फोन येतात, की विचारू नका. रेंज मात्र त्या फोनांना कधीच जात नाही.