‘जुनेच वाजवा’ म्हणणाऱ्यांना

2023 च्या दसऱ्याला सकाळी शुभेच्छांच्या गर्दीत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक छायाचित्र येऊन पडले. रोलिंग स्टोन्स या जुन्या इंग्लिश रॉक बँडचे तिघे, म्हणजे मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वुड, लंडनच्या हॅकनी एम्पायर नाट्यगृहात आपल्या नव्या अल्बमची घोषणा करायला बसलेले, आणि खाली मजकूर होता, ‘या वयात हरिनाम घ्यायचे सोडून हे काय चालले आहे?’ पाठोपाठ हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ही सगळी शिकलीसवरलेली, दरवर्षी सवाईची तिकिटे काढणारी, घरात तानपुरा ठेवणारी मंडळी आहेत, आणि म्हणूनच मला अधिक राग आला. सणाच्या दिवशी तिथे वाद घालायचा नव्हता, म्हणून इथे लिहितो आहे. इथे जे माझे लिखाण वाचतात त्यांना कलाकाराचे वय मोजायचे नसते हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच्या आधीच्याच महिन्यात, 8 सप्टेंबरला, आशाताईंनी आपला नव्वदावा वाढदिवस दुबईत रंगमंचावर उभे राहून, गाऊन साजरा केला. त्या दिवशी याच ग्रुपवर हात जोडल्याची चिन्हे आणि डोळ्यांत पाणी आल्याचे संदेश थांबत नव्हते, आणि ते योग्यच होते. भीमसेनजी ऐंशी पार केल्यावरही सवाईच्या मंचावर येऊन बसले तेव्हा मंडपातल्या लोकांना गहिवरून आले होते. किशोरीताई अखेरपर्यंत गात राहिल्या. ख्याल गाणाऱ्याचे वय आपल्याला साधना वाटते आणि गिटार वाजवणाऱ्याचे वय मात्र थट्टेचा विषय वाटतो. हा भेद आपण कोणत्या आधारावर करतो, हे मला आजवर कोणी पटेल असे सांगितलेले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम 20 ऑक्टोबर 2023 ला आला. त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा याआधीचा स्टुडिओ अल्बम होता 2005 सालचा ‘अ बिगर बँग’. मध्ये 2016 साली ‘ब्लू अँड लोन्सम’ आला, पण त्यात दुसऱ्यांनी केलेली जुनी ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकसंगीतातून आलेली, गाणी होती आणि त्याचे ध्वनिमुद्रण तीन दिवसांत आटोपले होते. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, एक सुटे गाणेही आले. तरीही दोन अल्बमांमध्ये अठरा वर्षांचे अंतर पडले, आणि या अठरा वर्षांत त्यांना नवे काहीही करण्याची गरज नव्हती. जगातल्या कोणत्याही मोठ्या मैदानावर उभे राहून त्यांनी 1965 साली केलेले गाणे वाजवले असते तरी तिकिटे संपलीच असती, आणि खरे तर तसेच चालले होते. त्यांच्याकडे नवे गाणे कोणीही मागत नव्हते, आणि तरीही ते करायला ही माणसे स्टुडिओत शिरली, म्हणून हा अल्बम मला महत्त्वाचा वाटतो.

माझे मामा गिरगावात वाढले. बँकेतली नोकरी सांभाळून ते संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. स्टोन्स मला त्यांनीच ऐकवले. कीथ सहावी तार काढून टाकतो आणि उरलेल्या पाच तारा ओपन जी मध्ये, म्हणजे बोटाने न दाबता छेडल्या तरी जी हा स्वरमेळ वाजेल अशा, लावतो, हे कळल्यावर मामांनी आपल्या गिटारचीही सहावी तार काढली होती आणि ऑर्केस्ट्राच्या मालकाची बोलणी खाल्ली होती. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या एका लग्नानंतर सगळे नातेवाईक जमले असताना मामांना वाजवायचा आग्रह झाला. त्यांनी गिटार घेतली, तारा जुळवल्या आणि सत्तरीत आल्यावर स्वतः बांधलेली एक नवी धून सुरू केली. ती संथ होती, मधेच एका ठिकाणी लय अडखळल्यासारखी होऊन पुन्हा सावरत होती, आणि त्या अडखळण्यातच तिची सारी गंमत होती. पुरते एक आवर्तन झाले नसेल, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘मामा, हे नको, ते जुने वाजवा ना, तुमचे ते नेहमीचे.’ बाकीच्यांनी टाळ्या वाजवून दुजोरा दिला. मामा हसले, त्यांनी डाव्या हाताने तारा दाबून आवाज थांबवला आणि सर्वांना पाठ असलेले एक सिनेमाचे गाणे वाजवले. ती धून त्या घरात पुन्हा कोणी ऐकली नाही. सकाळी ते छायाचित्र टाकणारी व्यक्ती आणि त्या रात्री मागून ओरडणारी व्यक्ती एकच आहे, हे मी मुद्दाम नाव न घेता नोंदवून ठेवतो.

हा अल्बम कसा झाला तेही थट्टा करणाऱ्यांनी जरा पाहावे. बँडचा ड्रमवादक चार्ली वॉट्स 24 ऑगस्ट 2021 रोजी गेला. 1963 पासून ज्या ड्रमच्या आधाराने मिक आणि कीथ चालत आले, तो ड्रम थांबला. त्यापूर्वी काही वर्षे ते अधूनमधून स्टुडिओत जमत, थोडेफार ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि ते तसेच पडून राही. शेवटी मिकनेच मुदत घातली की 2023 च्या 14 फेब्रुवारीपर्यंत अल्बम पुरा झाला पाहिजे. ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन बसला. आपल्या जागी कोण चालेल हे चार्लीने स्वतःच सांगून ठेवले होते आणि त्यात जॉर्डनचेच नाव होते. निर्माता म्हणून अँड्रयू वॉट हा तेहतीस वर्षांचा तरुण आला, म्हणजे त्याचा जन्म झाला तेव्हा स्टोन्सना वाजवायला लागून अठ्ठावीस वर्षे होऊन गेली होती. अल्बम आला तेव्हा मिक 80 वर्षांचा होता, कीथला 80 पूर्ण व्हायला दोनच महिने उरले होते, रॉनी 76 चा होता. या वयात, आयुष्यभराचा साथीदार गमावल्यावर, आपल्या नातवंडांच्या पिढीशी जवळीक असलेल्या माणसाला ‘आम्हाला सांग, हे पुरेसे चांगले झाले आहे का’ असे विचारायला मन किती मोठे लागत असेल!

चार्लीने 2019 मध्ये वाजवून ठेवलेल्या दोन गाण्यांना त्यांनी अल्बममध्ये जागा दिली आहे. त्यातल्या ‘लिव्ह बाय द सोर्ड’ या गाण्यात बेस वाजवायला बिल वायमन आला. तीस वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला हा माणूस 24 ऑक्टोबर 2023 ला 87 वर्षांचा झाला. ज्या जोडीवर साठच्या दशकातले सगळे स्टोन्स उभे होते, ती बेस आणि ड्रमची जोडी एका गाण्यापुरती पुन्हा एकत्र ऐकू येते, आणि तीही नव्या गाण्यात. त्याऐवजी जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढून श्रद्धांजलीचा सोहळा करणे सोपे होते. त्यांनी चार्लीला नव्या कामात सामावून घेतले.

पैशासाठी करतात, असे कोणी म्हणेल. पैसा मिळतो, ते मान्य आहे, आणि त्यांच्या तिकिटांचे दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत हेही मान्य. काही गाणी फार घोटून गुळगुळीत केल्यासारखी वाटतात, मिकच्या आवाजावर यंत्राचा हात फिरल्याचे जाणवते आणि दोन-तीन गाण्यांचे शब्द अगदीच साधारण आहेत, हेही मी नाकारत नाही. पण हे दोष गाणे ऐकून काढावे लागतात. माणसाची सुरकुतलेली मान पाहून काढलेल्या खोडीला मी टीका मानायला तयार नाही.

कीथच्या बोटांबद्दलही लोकांनी लिहिले आहे, आणि त्यात दया कमी, कुचेष्टा जास्त होती. त्याच्या बोटांचे सांधे गाठींसारखे फुगलेले आहेत, ते कोणत्याही छायाचित्रात दिसते. संधिवाताने आपल्या वादनाची पद्धत बदलली आहे, असे त्याने 2023 मध्ये मुलाखतीत सांगितले. दुखत नाही, पण पूर्वीचे काही जमत नाही, आणि एखादी गोष्ट जमली नाही की गिटारच आपल्याला दुसरी वाट दाखवते, अशा अर्थाचे ते बोलणे होते. ते वाचल्यावर मला मामांचा डावा हात आठवला. त्यांची करंगळी आता पूर्ण वाकत नाही. त्या रात्रीच्या धुनेत लय जिथे अडखळत होती, ती जागा त्या करंगळीमुळे निर्माण झाली होती, हे त्यांनी मला नंतर त्यांच्या घरी ती धून पूर्ण वाजवून दाखवताना सांगितले. बोट पोचायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी तो वेळ धुनेतच बांधून घेतला होता. तिशीतल्या हाताला ती सुचलीच नसती. ‘जुने वाजवा’ म्हणणाऱ्यांना म्हणूनच मी माफ करू शकत नाही, कारण माणूस आज जसा आहे तसे त्याने वाजवू नये, पूर्वी होता तसेच वाजवत राहावे, अशी ती मागणी असते.

आणि हे वयाचे बोलणे आजचे आहे, असेही कोणी समजू नये. 7 एप्रिल 2003 रोजी स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले होते. मामा मला घेऊन गेले होते. तेव्हा मिक साठीचाही नव्हता, आणि तेव्हाही आमच्या ओळखीतले लोक ‘म्हातारे पैसे गोळा करायला आले आहेत, ही त्यांची शेवटचीच फेरी’ असे बोलत होते. मामा त्या संध्याकाळी मिककडे फारसे पाहतच नव्हते. मागे छोट्याशा ड्रमसंचावर ताठ बसलेल्या चार्लीकडे बोट दाखवून ते मला सांगत होते, ‘त्याचा उजवा हात बघ.’ डाव्या हाताने स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर, आघात करताना तो उजवा हात हाय-हॅट या झांजांच्या जोडीवरून क्षणभर उचलून घेत असे. बहुतेक ड्रमवादक तिथे दोन्ही हात एकदम मारतात. ती सोडलेली जागा म्हणजेच स्टोन्सची चाल, असे मामांचे म्हणणे. शेवटची फेरी म्हणणाऱ्या त्या लोकांनी नंतरच्या वीस वर्षांत काय नवे केले, हे विचारण्याचा मोह मी इथे आवरतो.

एवढे लिहून राग थोडा शांत झाला आहे, म्हणून आता गाण्यांविषयी बोलतो. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ तेवढे शांतपणे ऐका. सात मिनिटांहून मोठे गाणे आहे. अमेरिकन पॉप गायिका लेडी गागा त्यात गायली आहे आणि कळफलकावर गायक-वादक स्टीव्ही वंडर आहे. एका टप्प्यावर गाणे संपल्यासारखे वाटते, वाद्ये ओसरतात, मग स्टीव्हीची बोटे पुन्हा हलकेच फिरू लागतात, मिक काहीतरी गुणगुणतो, गागा त्याला उत्तर देते, आणि सगळा संच हळूहळू पुन्हा उभा राहतो. मैफलीत भैरवी संपल्यावर गवयाने पुन्हा तोच सूर धरावा आणि लोकांनी उठता उठता खाली बसावे, तसे ते घडते. त्या जागी मिकचा आवाज ज्या उंचीला जातो, ती ऐकून मला त्याच्या 2019 च्या हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेची आठवण झाली आणि माझ्याच छातीत धडधडले.

अल्बमच्या शेवटी ‘रोलिंग स्टोन ब्लूज’ आहे. मडी वॉटर्स या अमेरिकन ब्लूज गायकाने हे गाणे 1950 साली केले आणि 1962 मध्ये या बँडने आपले नाव त्यावरून घेतले. त्याच्या आदल्या वर्षी लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर मिक आणि कीथ पुन्हा भेटले तेव्हा मिकच्या काखेत ज्या तबकड्या होत्या, त्यांत मडी वॉटर्स होता. नाव घेतले तेव्हा ही विशीच्या आतबाहेरची पोरे होती. ते गाणे स्वतःच्या अल्बमवर वाजवायला त्यांना 2023 उजाडले. त्यात दुसरे कोणी नाही, फक्त एक गिटार, एक हार्मोनिका आणि मिकचा आवाज. मागे ड्रम नाही. मी ते मामांना त्यांच्या डोंबिवलीच्या घरी परवा ऐकवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘कीथ आता कमी सूर वाजवतो, पण एकही सूर वाया घालवत नाही.’ त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले. आधीच्या अकरा गाण्यांपैकी चार त्यांना मुळीच आवडली नाहीत आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. नवे गाणे ऐकायचे असते ते असे, आवडले तर पुन्हा लावायचे, नाही आवडले तर का नाही ते सांगायचे.

पुढच्या अल्बमचे पाऊण काम झाले आहे, असे मिकने 2023 मध्येच मुलाखतीत सांगून टाकले होते. तो आला की मी विकत घेणार आणि मामांकडे घेऊन जाणार. दिवाळीत मामा आमच्याकडे येणार आहेत, गिटार घेऊन येणार आहेत, आणि या वेळी ते काय वाजवणार हे तेच ठरवतील. ग्रुपवरच्या सर्वांना आमंत्रण आहे. फर्माईश घेऊन कोणी येऊ नये.