फर्नेस दिवसा का चालवायची: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखात मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. फौंड्रीवाल्यांनी (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्यांनी) महिन्याचं बिल बघण्याऐवजी टनामागे विजेची किती युनिट लागतात ते मोजावं, फर्नेसवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीवर, झाकण ठेवावं आणि मेल्टिंग शक्य तितकं दिवसाच्या वेळेत आणावं. त्यावर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका उद्योजक वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचे मुद्दे थोडक्यात असे: एक, खरं दुखणं वीजदराचं आहे, झाकणानं वाचतात ते चिल्लर पैसे, कागलच्या पलीकडे कर्नाटकात वीज स्वस्त पडते, त्यावर लिहा. दोन, छतावर सोलर टाकलं की प्रश्न मिटतो. तीन, नाहीतर परत कोकवर, म्हणजे क्युपोलावर (कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर) जावं. चार, मेल्टिंग रात्री स्वस्त पडतं हे पोरालाही ठाऊक आहे, दिवसा फर्नेस चालवायचा सल्ला उन्हाळ्यात फर्नेससमोर उभं न राहिलेला माणूसच देऊ शकतो.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर शेवटी सविस्तर लिहितो.

आधी चिल्लर पैशांचा हिशेब. अर्धा टनाची फर्नेस, तिला वीज देणारा ३५० किलोवॅटचा पॅनेल, दिवसाला बारा हीट (भट्टी एकदा भरून वितळवली की एक हीट) म्हणजे सहा टन मेटल, महिन्याचे पंचवीस दिवस. झाले १५० टन. टनाला ६५० युनिट लागत असतील तर महिन्याला ९७,५०० युनिट. तीच फर्नेस नीट चालवून ५८० वर आणली तर ८७,००० युनिट. फरक १०,५०० युनिटचा. सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांना पडतं असं मानलं तर महिन्याला एक लाख पाच हजार रुपये. एवढीच बचत वीजदर कमी होऊन मिळायची असेल तर दर युनिटमागे जवळपास एक रुपया आठ पैसे उतरायला हवा. तुम्ही ज्या दरकपातीची वाट बघताय तेवढी रक्कम तुमच्याच शेडमध्ये पडून आहे.

बीडाचं लोखंड थंड अवस्थेतून १५०० अंशांपर्यंत न्यायला शास्त्रानुसार टनाला साधारण ३९० युनिट पुरतात. त्यावरचं सगळं कॉइलच्या (भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्याच्या) पाण्यात, लायनिंगमधून (भट्टीच्या आतल्या अस्तरातून) आणि उघड्या तोंडातून जातं. अर्धा टन फर्नेसचं तोंड दीड फुटाच्या आसपास असतं. मेटल १५०० अंशांवर असताना त्या तोंडातून अंदाजे ३० ते ४० किलोवॅट उष्णता नुसती वर निघून जाते. मेटलच्या केमिस्ट्रीचा रिपोर्ट यायला किंवा लॅडल (मेटल ओतायचं भांडं) यायला उशीर झाला आणि तोंड वीस मिनिटं उघडं राहिलं, तर दहा-तेरा युनिट गेली. आणि ती अर्ध्या टनावर, म्हणजे टनाला वीस-पंचवीस. झाकण चार्जिंगच्या आड येतं म्हणून कामगार ते काढून कोपऱ्यात ठेवतात, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे बाजूला फिरणारं, आतून सिरॅमिक फायबर लावलेलं हलकं झाकण, जे एका हातानं सरकतं. क्रेननं उचलावं लागणारं झाकण कुणीच वापरत नाही.

दुसरी गळती रनर-रायझरला (साच्याच्या वाटांमध्ये उरून परत वितळवायला येणाऱ्या मेटलला) चिकटलेल्या वाळूची. टनाला तीस किलो वाळू चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) गेली तर ती वितळवायला पंधराएक युनिट जातात, पण खरं नुकसान पुढे होतं. स्लॅग (मेटलवर तरंगणारी मळी) वाढतो, तो काढायला तोंड उघडं ठेवावं लागतं, उरलेला भिंतीला चिकटून फर्नेसचं पोट लहान करतो. रिटर्न माल टम्बलिंग किंवा शॉट ब्लास्ट करून मगच चार्ज करा. तिसरी गळती तापमानाची. लॅडल थंड असतं, म्हणून मेल्टर मेटल पन्नास अंश जास्त तापवतो. त्या पन्नास अंशांना टनाला पंधरा-सतरा युनिट लागतात, शिवाय कार्बन जळतो आणि लायनिंग लवकर झिजतं. लॅडल बर्नरवर लाल करून घेणं आणि त्यावर झाकण ठेवणं यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

एक ताकीद मात्र द्यायलाच हवी. लायनिंग झिजून पातळ झालं की फर्नेस जास्त पॉवर ओढते आणि युनिट कमी दिसतात. त्या आकड्याच्या मोहानं लायनिंग चार हीट जास्त ओढू नका. ग्राउंड लीकेजचं रीडिंग (मेटल कॉइलकडे सरकल्याचा इशारा) वाढायला लागलं की थांबायचं. मेटल कॉइलपर्यंत गेलं तर फर्नेसशेजारी उभ्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे. तसंच, वीज गेल्यावर कॉइलला पाणी देणारी वरची टाकी आणि पंपापुरता डिझेल जनरेटर यांत काटकसर करायची नाही. डिझेलच्या लिटरमागे तीन ते साडेतीन युनिटच निघतात, ती वीज फार महाग पडते, पण तिथे डिझेल जळू द्या.

यिल्डवर (वितळवलेल्या मेटलपैकी किती टक्क्यांचं कास्टिंग होतं त्यावर) मी मागच्या वेळी कमी लिहिलं, ते इथे भरून काढतो, कारण झाकणापेक्षाही मोठी रक्कम तिथे आहे. १५० टन वितळवून ६० टक्के यिल्डनं ९० टन कास्टिंग मिळतं. गेटिंग (मेटल साच्यात नेणाऱ्या वाटा) सुधारून, रायझरला स्लीव्ह (उष्णता धरणारं वेष्टन) लावून यिल्ड ६५ वर गेलं तर त्याच ९० टनांसाठी १३८.५ टनच वितळवावं लागतं. टनाला ६०० प्रमाणे साडेअकरा टनांची जवळपास ६,९०० युनिट वाचली, शिवाय तेवढ्या मेटलची जळतूट, लायनिंग आणि मजुरी. रिजेक्शन आठ टक्क्यांवरून चारवर आलं तर आणखी साडेतीन हजार युनिटच्या आसपास. म्हणून माझा आग्रह आहे की युनिट वितळलेल्या टनावर मोजा, आणि त्याच्या शेजारी गिऱ्हाइकानं स्वीकारलेल्या टनावरही मोजा.

दराबद्दल. तुमची तक्रार रास्त आहे. उद्योगाच्या वीजदरामध्ये शेतीपंप आणि इतर ग्राहकांच्या सवलतीचा भार मिसळलेला असतो, आणि सीमेपलीकडच्या फौंड्रीशी त्याच गिऱ्हाइकासाठी स्पर्धा करताना तो भार जाणवतो. वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत हरकती घेता येतात, त्या संघटनेमार्फत घ्याव्यातच. पण देशातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. कोळसा आणि वाहतूक महाग झाली की इंधन समायोजन शुल्काची ओळ बिलावर येणार, हद्दीच्या इकडेही आणि तिकडेही.

आता छतावरचं सोलर. कोल्हापुरात एक किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट धरा. सहा टनांच्या मेल्टिंगला टनाला ६०० प्रमाणे ३,६०० युनिट लागतात, म्हणजे ९०० किलोवॅट. किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा धरली तर नव्वद हजार चौरस फूट, दोन एकरांहून जास्त छत. शिरोलीत दहा हजार चौरस फुटांचं शेड असलेल्याला १०० किलोवॅट बसेल, त्यातून मेल्टिंगचा नववा भाग निघेल. तेवढंही घ्यावं, मी नको म्हणत नाही. पण तीन गोष्टी बघून. जुनं सिमेंट-ॲस्बेस्टॉसचं छत पॅनेलचं वजन आणि वर चढणारी माणसं पेलत नाही, आधी छत बदलण्याचा खर्च धरा. फौंड्रीची बारीक धूळ पॅनेलवर बसते आणि पहाटेच्या दवात घट्ट होते, त्यामुळे धुण्यासाठी पाण्याची लाइन आणि चालायला वाट पहिल्याच दिवशी करून घ्या. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या पावसात उत्पादन निम्म्यावर येणारे दिवस बरेच असतात, म्हणून विक्रेत्यानं दाखवलेला एप्रिलचा आकडा वर्षाला बाराने गुणू नका.

छत पुरत नाही त्यांनी बाहेरचं सोलर बघावं. २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस (वितरण कंपनीऐवजी बाहेरून वीज घेण्याच्या) नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली आहे. ग्रुप कॅप्टिव्हमध्ये (काही उद्योगांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या प्रकल्पात) वापरणाऱ्यांची मिळून किमान २६ टक्के मालकी आणि किमान ५१ टक्के वापर लागतो, आणि प्रत्येकानं आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात वीज वापरायची असते. एखाद्या भागीदाराच्या ऑर्डर आटल्या आणि त्याचा वापर पडला तर सगळ्या गटाचा दर्जा धोक्यात येतो. त्यामुळे करार करताना भागीदारांची ऑर्डर बुक बघा, नुसता युनिटचा दर बघू नका.

कोकचं थोडक्यात सांगतो. क्युपोलात टनाला १२० किलो कोक आणि इंडक्शनमध्ये ६०० युनिट असं धरलं तर बरोबरीचा बिंदू सोपा आहे: एक किलो कोकचा भाव पाच युनिटच्या दराएवढा. युनिट दहा रुपयांना असेल तर पन्नास रुपये. त्याखाली कोक मिळाला तर कागदावर क्युपोला जिंकतो. पण कोकमधलं गंधक मेटलमध्ये येतं, एसजी आयर्नसाठी (चिवट प्रकारच्या बीडासाठी) ते वेगळं काढावं लागतं, ग्रेड बदलायची म्हटली की चालू क्युपोला ऐकत नाही, आणि धूर आटोक्यात ठेवण्याची यंत्रणा स्वस्त नाही. एकाच ग्रेडचा साधा ग्रे आयर्न माल दिवसभर सलग ओतणाऱ्यासाठी क्युपोला आजही वाईट नाही. ऑटोमोबाइलचा माल करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रात्रीचं. रात्री स्वस्त हे तुमचं म्हणणं अनेक वर्षं बरोबर होतं. महाराष्ट्रात उच्चदाब उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत मिळायची. कोळशाची केंद्रं रात्री बंद करता येत नव्हती आणि मागणी पडायची, म्हणून ती सवलत होती. आज विजेचं गणित उलटलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटवर गेली. दुपारी वीज मुबलक असते, ऊन उतरलं की कोळसा आणि कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांवर सगळी मदार येते. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून सांगितलं की सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी हवा आणि उद्योगांसाठी गर्दीच्या तासांतला दर किमान २० टक्क्यांनी जास्त हवा. राज्यातही सवलतीची वेळ रात्रीवरून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचवर आली. आकडे आदेशागणिक बदलतात, तुमच्या ताज्या बिलावरचे वेळेनुसार आकार वाचून घ्या. हिशेबापुरतं, मूळ वीज आकार आठ रुपये धरला तर दुपारचं युनिट ६.४० आणि संध्याकाळचं ९.६० रुपयांना पडतं. टनाला ६०० युनिटनं फरक १,९२० रुपयांचा. हीट तीच, मेटल तेच, फक्त घड्याळ वेगळं.

पण मेल्टिंग दिवसा आणणं म्हणजे नुसतं स्विच दिवसा दाबणं नव्हे, आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. बारा हीटना बारा तास लागतात, स्वस्त तास आठच. म्हणून पहिली हीट पहाटे पाचला लावा. पाच ते नऊ साध्या दराच्या चार हीट, नऊ ते पाच स्वस्त दराच्या आठ. संध्याकाळी पाचनंतर फर्नेस बंद. त्यासाठी पहाटे मोल्ड (साचे) तयार हवेत, आणि ग्रीन सँडचे (ओलसर वाळूचे) मोल्ड रात्रभर ठेवले तर वरचा थर वाळतो, कडा ढासळतात आणि कास्टिंगमध्ये वाळू जाते. त्यामुळे आदल्या रात्री नो-बेकचे (रसायनानं, न भाजता घट्ट होणाऱ्या वाळूचे) मोल्ड करून ठेवायचे, पहिल्या हीट त्यांत ओतायच्या, आणि ग्रीन सँडची लाइन पहाटे फर्नेसबरोबर सुरू करायची. सोडियम सिलिकेटचे मोल्ड मात्र पावसाळ्यात रात्रभर ठेवू नका, ओल धरतात. कोअर (साच्यातले गाभे) बनवणं, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) ही कमी विजेची कामं संध्याकाळी न्या. शॉट ब्लास्ट आणि सँड मिक्सर दिवसाच लावायचे असतील तर पॅनेल फुल पॉवरवर असताना एकदम सुरू करू नका. केव्हीए डिमांड (एका वेळी ओढलेला जास्तीत जास्त भार) वर गेली की दिवसाच्या सवलतीतला काही भाग डिमांड चार्जमध्ये परत जातो. केव्हीएएच बिलिंगमुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) घसरल्याचा फटकाही थेट युनिटमध्ये बसतो, म्हणून कपॅसिटर बँक महिन्यातून एकदा तपासा.

उन्हाळ्याबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन ते पाच फर्नेससमोर माणूस उभा करणं योग्य नाही. त्या दोन महिन्यांत पहाटे पाच ते दुपारी दोन अशी पाळी ठेवा: चार साध्या दराच्या आणि पाच स्वस्त दराच्या अशा नऊ हीट, उरलेल्या तीन पहाटे पाचच्या आधी, रात्री दोनला सुरू करून. रात्री बारानंतर संध्याकाळचा जादा आकार नसतो, एवढं बिलावर पडताळून घ्या. यात थोडी सवलत सुटते, ती सुटू द्या. उन्हाळ्यात कॉइलचं पाणी तापून पॅनेल ट्रिप होण्याची तक्रारही येते. त्याचं कारण बहुतेक वेळा कूलिंग टॉवरचे बुजलेले नोझल किंवा हीट एक्स्चेंजरमधला क्षार असतो. मार्चमध्येच ते साफ करा.

हे सगळं तुमच्या शेडला किती लागू होतं, हे तुमचे आकडे आल्याशिवाय मला सांगता येणार नाही. फर्नेसला स्वतंत्र मीटर नसेल तर आधी तो बसवा, संपूर्ण कारखान्याच्या बिलावरून काही कळत नाही. मग सलग तीस हीटची नोंद करा: सुरू झाल्याची वेळ, सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग, चार्जचं वजन, टॅपिंगचं (भट्टीतून मेटल काढतानाचं) तापमान, आणि झाकण उघडं राहिलेली मिनिटं. दिवसाची पहिली हीट वेगळी लिहा, थंड लायनिंग तापवण्यात तिला नेहमीच जास्त युनिट लागतात आणि सरासरी बिघडते. तो तक्ता इथे प्रतिक्रियेत टाका, शेवटच्या बिलावरची वेळेनुसार युनिटची विभागणीही टाका. कुठल्या गळतीपासून सुरुवात करायची ते त्यावरून बोलू.