रायकार्डने मेस्सीला "सडवलं"? जरा तारखा तरी बघा

परवा भाच्याने एक रील पाठवलं. पोरगं १५ वर्षांचं, कोल्हापुरात फुटबॉल खेळतं, मांडीचा स्नायू दुखावलाय म्हणून महिनाभर बाहेर बसलंय. रीलमध्ये काय, तर फ्रँक रायकार्ड हा बार्सिलोनाचा सगळ्यात बेकार कोच, त्याने मेस्सीला चार वर्षं बेंचवर सडवलं, तेव्हाचा टीमचा स्टार रोनाल्डिन्होचा भाव कमी होऊ नये म्हणून २००६ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला मुद्दाम बाहेर ठेवलं, खेळाडू म्हणून त्याची ओळख काय तर जर्मनीचा खेळाडू फोलरवर थुंकला, आणि त्याच्यानंतरचा कोच ग्वार्डिओला आला नसता तर मेस्सी संपला असता. खाली पोराचा मेसेज, "मामा, आमचे सर पण असंच करतात." हे वाचून डोकंच फिरलं माझं.

आधी फायनलचं घेतो, कारण सगळ्यात घाण खोटं तेच आहे. ७ मार्च २००६, बार्सिलोनाचं मैदान कॅम्प नोऊ, चॅम्पियन्स लीगमधल्या चेल्सीविरुद्धच्या दोन मॅचपैकी दुसरी. पहिल्या अर्ध्या तासातच मेस्सीच्या मांडीचा स्नायू फाटला आणि तो बाहेर गेला. त्याच्या दोन आठवडे आधी लंडनमध्ये याच चेल्सीसमोर रायकार्डने त्याला सुरुवातीपासून उतरवलं होतं, १८ वर्षांच्या पोराला, आणि तिथं त्याने डिफेन्सची दाणादाण उडवली होती. सडवणारा कोच असं करतो का? दुखापतीनंतर त्या सीझनमध्ये तो क्लबसाठी एकही मॅच खेळला नाही. १७ मेला पॅरिसमध्ये आर्सेनलविरुद्ध फायनल होती, मेस्सीला वाटत होतं आपण खेळू शकतो, रायकार्डने टीममध्ये घेतलं नाही. मेस्सी एवढा नाराज झाला की टीम जिंकली तरी जल्लोषात गेला नाही, आणि त्याचं पुढे त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. एवढंच घडलं. दहा आठवडे मॅच न खेळलेल्या पोराला फायनलमध्ये न ढकलणं याला मुद्दाम बाहेर ठेवणं म्हणायचं? आणि रोनाल्डिन्होचं म्हणाल तर १ मे २००५ ची अल्बासेतेविरुद्धची मॅच अख्खी बघा. रोनाल्डिन्होने बॉल उचलून दिला, मेस्सीने गोलकीपरच्या डोक्यावरून टाकला, ऑफसाइड दिला. थोड्या वेळात त्याच दोघांनी तसाच गोल परत केला, तो मोजला गेला, आणि रोनाल्डिन्होने पोराला पाठीवर घेतलं. तो मेस्सीचा बार्सासाठी (म्हणजे बार्सिलोनासाठी) पहिला ऑफिशियल गोल. दुसऱ्या कुणाला वर येऊ न देणारा माणूस एकाच मॅचमध्ये दोन-दोनदा असे पास देत नाही.

"चार वर्षं बेंचवर" याला तर क्लबचं रेकॉर्डच पुरेसं आहे. १६ ऑक्टोबर २००४ ला एस्पान्योलविरुद्ध डेकोच्या जागी मेस्सीला उतरवलं रायकार्डनेच, तेव्हा पोरगं १७ वर्षांचं. तिथून २००८ पर्यंत रायकार्डच्या हाताखाली ११० ऑफिशियल मॅच, ४२ गोल. सीझननुसार मॅच ९, मग २५, मग ३६, मग ४०. रियल माद्रिदविरुद्धची ३-३ मधली हॅटट्रिक आणि हेताफेविरुद्ध अर्ध्या मैदानापासून सगळ्यांना चुकवत केलेला तो गोल, दोन्ही २००७ चे, म्हणजे ग्वार्डिओला मेन टीमचा कोच होण्याच्या आधीचे. डाव्या पायाच्या खेळाडूला उजव्या विंगवर खेळवून आत वळायला लावलं तेही रायकार्डनेच. ग्वार्डिओलाने पुढे त्याला मधे आणून कुठल्या कुठे नेलं, ते कोण नाकारतंय.

थुंकला, हो थुंकला. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये, दोनदा, आणि ते किळसवाणंच होतं. नंतर त्याने माफी मागितली, फोलरने ती स्वीकारली, पुढे दोघांनी मिळून लोण्याची जाहिरातही केली. पण ओळख तेवढीच? त्याच्या महिनाभर आधी व्हिएन्नात मिलानकडून युरोपियन कप फायनलचा एकमेव गोल त्याचा होता, आणि १९९५ ला त्याच मैदानावर आयाक्सकडून, ३२ व्या वर्षी, करिअरच्या शेवटच्या सीझनमध्ये, तशाच फायनलला क्लायव्हर्टच्या विजयी गोलचा पास त्याचा होता.

बेकार कोच म्हणाल तर एक गोष्ट मान्य करावी लागेल, शेवटची दोन वर्षं ढिली गेली. २००६ ला असिस्टंट टेन काटे आयाक्सला गेला, ड्रेसिंग रूममधली शिस्त सुटली, २००८ ला बार्सा रियलच्या १८ पॉइंट मागे तिसरी आली. बार्साआधी तो कोच असलेली स्पार्टा रॉटरडॅम ही डच टीम खालच्या लीगमध्ये घसरली होती हेही खरं. पण २००३ ला त्याने टीम घेतली तेव्हा बार्साला १९९९ नंतर एकही मोठी ट्रॉफी मिळाली नव्हती, त्याच्या काळात दोन लीग आणि एक चॅम्पियन्स लीग आली. रीलमध्ये यातलं एक अक्षर नाही.

भाच्याला मी एवढंच लिहिलं की त्या फायनलनंतर महिनाभरात, १६ जूनला, बरा झालेला मेस्सी वर्ल्ड कपमध्ये सर्बिया-माँटेनेग्रोविरुद्ध शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी आला आणि गोल करून गेला. तुला फिजिओने अजून दोन आठवडे सांगितलेत ना, मग दोन आठवडे बस. आणि सरांशी नीट बोल.