१२ व्होल्ट जुळले म्हणजे रेग्युलेटर जुळला असे नाही

‘डायनॅमो १२ व्होल्टचा असेल तर १२ व्होल्टचा कोणताही रेग्युलेटर चालतो,’ हा जुन्या गाड्यांबद्दल फिरणारा सल्ला चुकीचा आहे. डायनॅमो म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, रेग्युलेटर त्याचे चार्जिंग आवरतो. लुकास कंपनीच्या डायनॅमोत फील्डचे (चुंबकत्व देणाऱ्या कॉइलचे) एक टोक आतच अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेले, असते. रेग्युलेटर ‘एफ’ला, म्हणजे फील्डच्या टर्मिनलला, करंट पुरवतो. बहुतेक डेल्को-रेमी कंपनीच्या डायनॅमोत उलटे, तिथे रेग्युलेटर फील्डला अर्थ देतो. अदलाबदल केलीत तर चार्जिंग शून्य.

अँपिअरची चूक जास्त महाग पडते. लुकासच्या साध्या सी४० (सी४०-१) डायनॅमोची मर्यादा २२ अँपिअर. त्याला मोठ्या सी४२ डायनॅमोसाठी ३० अँपिअरवर सेट केलेला आरबी३४० रेग्युलेटर लावला की सुरुवातीला चार्जिंग झकास वाटते. मग आर्मेचर (फिरणारा भाग) तापून त्याच्या टोकावरच्या कॉम्युटेटरचे सोल्डर वितळते, डायनॅमोच्या बॉडीच्या आत चंदेरी थेंब उडालेले दिसतात.

लुकास पोलराइझ करताना (म्हणजे त्याच्या चुंबकत्वाची दिशा बॅटरीशी जुळवताना) ‘एफ’ची वायर आधी रेग्युलेटरवरून काढा, मगच बॅटरीच्या लाइव्हला क्षणभर टेकवा. नाहीतर रेग्युलेटरचे पॉइंट (संपर्क) जळतात.